प्रश्न विचारणारी सून

दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं वाटेला लावायचं, ही रीत जनकाबाईच्या घरात तिची सून मंजुश्री घेऊन आली. त्याआधी असली रीत या घरात नव्हती. वरवट बकाल गावात कुणालाही विचारून पाहा. मागणाऱ्याला पसाभर ज्वारी, माहेरवाशिणीला खणाचा तुकडा, भांडायला आलेल्याला त्याच्याहून वरचढ भांडण, ज्याला जे पाहिजे ते जनकाबाईच्या ओसरीवर मिळायचं. आणि आता? लोक कॉम्प्युटरच्या नोकरीची वाट विचारायला यायचे आणि डोक्यात एक प्रश्न घालून परत जायचे.

परवाचंच घ्या. उत्तमराव आपल्या पोराला, सागरला, घेऊन आले. येताना टोपलीभर सीताफळं आणली. पोरगा बारावी झालेला, आयटीतच जाईन म्हणून हटून बसलेला.

"सूनबाई," उत्तमराव म्हणाले, "याले कोणता कोर्स लावू, तेवढं सांगा. लय वेळ घेत नाई तुमचा."

मंजुश्रीनं सागरकडे पाहिलं. "तुझा फोन अडकला तर तू काय करतोस?"

"बंद करतो न् चालू करतो."

"मग चालतो?"

"हाव. चालते ना."

"काऊन चालते? तेवढं शोधून ये. मग कोर्सचं बोलू."

झालं. बाप-लेक उठून गेले. सागर काही फिरून आला नाही, पण उत्तमराव बसस्टँडवरच्या पानठेल्यापाशी उभे राहून सांगत सुटले, की जनकाबाईच्या सुनेनं सीताफळं ठेवून घेतली आणि पोराला फोन बंद-चालू करायला लावून घरी धाडलं. दुपारच्या आत ते जनकाबाईच्या कानावर आलं. तिच्या अंगाची लाही झाली. सीताफळं खाऊन झाली होती, नाहीतर तिनं टोपलीसकट ती उत्तमरावाच्या दारात नेऊन आदळली असती.

"तुले कोणी काई पुसलं तं सांगत काऊन नाईस वं?" भाकरी थापता थापता तिनं सुनेला धरलं. "सांगितल्यानं तुही विद्या काय आटून जाईन?"

"सांगितलं ना आत्याबाई. शोधून ये म्हटलं."

"याले सांगणं म्हंतेत?"

"कोर्स काय, पैसे भरले की कोणीही देतो," मंजुश्री भाजी निवडत म्हणाली. "पण एखादी गोष्ट अडली की ती काऊन अडली, हे पाहिल्याशिवाय ज्याला जेवण गोड लागते, त्यानं या कामात येऊ नये. पगार मिळेल, पण रोज रडेल."

"मोठी आली शहाणी," जनकाबाई म्हणाली आणि भाकर तव्यावर अशी टाकली की पिठाचा धुराळा उडाला.

आता खरं सांगायचं तर या सुनेचा जनकाबाईला अभिमान काही थोडाथोडका नव्हता. पोरगी देऊळघाटच्या शेतकऱ्याची. पुण्याला गेली तेव्हा पहिली नोकरी मिळाली ती कानाला फोन लावून लोकांची बोलणी खायची. कुणाचा कॉम्प्युटर चालेना की त्यानं हिला झोडपायचं. पण झोडपणाऱ्याला ती विचारायची, अडलं त्याच्या आधी तुम्ही नेमकं काय केलं होतं? असं विचारता विचारता बिघाड कुठं आहे ते तिला वरच्या साहेबांच्या आधी कळायला लागलं. मग साहेबांनी फोन काढून घेतला आणि शोधायचंच काम दिलं. आता ती परदेशातल्या दवाखान्यांच्या कॉम्प्युटरचं पाहत होती. लॉकडाऊननंतर कंपनी म्हणाली, घरून काम करा. मंजुश्री म्हणाली, तर मग माझं घर वरवट बकाल. नवरा राजकुमार, जनकाबाईचा लेक, त्याचं खताबियाण्याचं दुकान इथंच होतं. तेव्हापासून माडीवरच्या खोलीत तिचं टेबल.

"इंग्लंडातला दवाखाना आमच्या माडीवरून चालते," असं जनकाबाई लग्नाकार्यात चार बायांत सांगायची. शाळा तिनं दुसरीपर्यंत पाहिलेली, पण इंग्लंड हा शब्द ती अशा ठसक्यात उच्चारायची की तो खामगावच्या अलीकडे कुठंतरी असावा.

म्हणून तर राग. बाहेर जिच्या नावानं मिरवायचं, तिनं घरात येणाऱ्याला असं वागवायचं म्हणजे मिरवणाऱ्याची फजितीच की.

आणि गंमत अशी, की याच मंजुश्रीला म्हाताऱ्या बायांपाशी तासन् तास बसायला वेळ होता. तो तिचा नाद. भादव्यातली पुनव झाली, पोरींनी घरोघर मातीची भुलाबाई मांडली, की काम आटोपून ही फोन घेऊन निघायची. ज्या म्हातारीला घरातलं कुणी विचारत नाही, तिच्यापाशी जाऊन भुलाबाईची गाणी भरून घ्यायची आणि ती सगळी स्वतः बनवलेल्या वेबसाइटवर लावायची. तिथंही प्रश्नच. ही ओळ तुमच्या माहेरी अशीच म्हणत? मग सासरी बदलली कशी? कुणी बदलली? म्हाताऱ्या खूष. जनकाबाईनंही आपली चार गाणी दिली होती, पण आपली गाणी यादीत सगळ्यात वर पाहिजेत, ही अट घालून.

तर त्या आश्विनात शेजारच्या आशाबाईची सुचिता मंजुश्रीकडे यायला लागली. खामगावच्या कॉलेजात कॉम्प्युटरचं शिकून पास झालेली, शिकण्यात हुशार, पण अनोळखी माणसासमोर तोंडाला कुलूप. दोन कंपन्यांनी मुलाखतीत नापास केलं होतं. तिसरी मुलाखत कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी होती. पुण्याची कंपनी, पण मुलाखत कॉम्प्युटरवर, घरबसल्या. तिचा बाप पुंजाजी स्वभावानं गरीब माणूस, पण त्यानं स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "पोरी, येवढी एक पाहू. नाई जमलं तं दिवाळीनंतर पाहुणे बोलावतो. मंग रडायचं नाई." सुचिता पाहुण्यांना भीत नव्हती. पोह्याची बशी घेऊन मान खाली घालून बसायला ती भीत होती, कारण एकदा घातलेली मान वर निघत नाही हे तिनं आपल्या थोरल्या बहिणीचं पाहिलं होतं.

मंजुश्रीनं तिला काय शिकवावं? काही नाही! स्वतःच्या वेबसाइटमध्ये मुद्दाम काहीतरी मोडून ठेवायची आणि म्हणायची, "शोध." कधी गाणं वाजायचं नाही, कधी एका म्हातारीच्या नावावर दुसरीचं गाणं लागायचं. सुचिता शोधायला बसली की मंजुश्री आपल्या कामाला. मधूनच ओरडायची, "एका वेळेला एकच गोष्ट बदल! चार बदलशील तर कशानं चाललं ते कळणार नाही." नाहीतर, "कॉम्प्युटर काय म्हणतो ते पूर्ण वाच आधी. लाल अक्षर दिसलं की पळू नको, ते शिवी नसते, बिघाडाचा पत्ता असते." नाहीतर, "येत नसेल तर येत नाही म्हण. त्याच्यानं कोणी मरत नाही."

हे शेवटचं जनकाबाईला अगदीच खपलं नाही. मुलाखतीला जायचं आणि येत नाही म्हणायचं? मग जायचं तरी कशाला? आणि घरातलं चांगलं चाललेलं मोडून परक्याच्या पोरीला शोधायला बसवणारी बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती. एके दिवशी तर जनकाबाईचंच गाणं मोडून ठेवलेलं निघालं. पोरगी सकाळपासून उपाशी, आणि जनकाबाईचं गाणं मुकं.

"राजा, तुह्या बायकोले सांग काई," तिनं लेकाला म्हटलं.

"आई, मले युरियाचं विचार. हे नको विचारू," म्हणून राजकुमार दुकानात पळाला.

तेव्हा जनकाबाईनं ठरवलं, की सून देत नसेल तर आपण द्यायचं. तिच्या बहिणीचा नातू ऋत्विक पुण्यात आयटीत होता. निदान बहीण तरी तसं सांगायची. जनकाबाईनं त्याला फोन लावला. "बाबू, मुलाखतीत काय काय पुसतेत ते सारं धाड. उत्तरासकट धाड. आमच्या इथं विद्या लपवून ठेवायची रीत निघाली हाय."

ऋत्विक आज्ञाधारक. तासाभरात सुचिताच्या फोनवर प्रश्नोत्तरांची थप्पी येऊन पडली, सगळी इंग्रजीत. दुसऱ्या दिवसापासून मंजुश्री माडीवर मीटिंगमध्ये असली की खाली मागच्या परसात सुचिताची घोकंपट्टी सुरू. जनकाबाई भुईमुगाच्या शेंगा सोलायचं निमित्त करून समोर बसायची. इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नव्हता; पण जन्मभर गाणी म्हटलेल्या बाईला कुठं अडखळलं ते कळतंच.

"थांब. तिथं गचका बसला. पुन्हा म्हण."

"आजी, बरोबर होतं ना ते."

"बरोबर असन, पण गचका बसला. मुलाखतीत गचका चालत नाई."

पोरगी पुन्हा म्हणायची. कोजागिरीपर्यंत सगळं असं घडाघडा यायला लागलं, की जनकाबाई मनातल्या मनात पुंजाजीच्या घरचे पेढे खाऊन मोकळी झाली. मंजुश्रीला यातलं काही माहीत नव्हतं. आणि सांगायचं तरी कशाला?

कोजागिरीला, भुलाबाईच्या शेवटच्या दिवशी, दिवेलागणीला पोरींचा घोळका जनकाबाईच्या ओसरीवर आला. बाकी घरं आधी उरकून तिचं घर शेवटी ठेवायच्या, कारण तिचा खाऊ ओळखणं ही गावातली सगळ्यात अवघड गोष्ट. रीत साधी: गाणी म्हणून झाली की घरवालीनं झाकलेला डबा वाजवून दाखवायचा, पोरींनी आत काय आहे ते ओळखायचं, ओळखलं की वाटायचं. विचारलं तर घरवालीनं खोटं बोलायचं नाही. जनकाबाईचा डबा बऱ्याच वर्षांत कुणाकडून ओळखला गेला नव्हता. शेवटी पोरी हरायच्या, ती हसत झाकण काढायची आणि पुढे महिनाभर तेच सांगत फिरायची.

तिनं डबा वाजवला. खुळखुळ, खुळखुळ.

"फुटाणे!"

"नाई."

"खारे दाणे! शंकरपाळे! मुरमुरे! चण्याची डाळ! रेवड्या!"

"नाई, नाई, नाई. चला, हारल्या म्हणा."

पोरी एका दमात नावं घेत होत्या, जितकी पाठ होती तितकी. सुचिताही त्यांच्यात उभी होती, उद्याच्या धसक्यानं चेहरा उतरलेला, पण तिनंही दोन नावं घेऊन पाहिली. नावं संपली. तेवढ्यात माडीवरून मंजुश्री उतरली.

"मी विचारू का, आत्याबाई?"

"पूस. सुनेले काय बंदी हाय?"

"गोड?"

"नाई."

"तळलंय?"

"नाई."

"भाजलंय?"

"हाव."

"शेतात पेरावं लागते?"

"हे काई खाऊ ओळखणं झालं वं? नाव घे ना!"

"खोटं बोलायचं नाही, आत्याबाई. पेरावं लागते?"

"नाई."

"म्हणजे झाडाचं. आपण फळ खातो आणि हे फेकून देतो का?"

पोरी एकदम हसल्या. जनकाबाई डबा पोटाशी धरून उभी राहिली. सुचिता हसत नव्हती. ती मंजुश्रीच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती, सर्कशीतली बाई तारेवरून चालताना पाहावं तशी.

"बोला ना आजी!" पोरी ओरडल्या.

"हाव. फेकतो."

"आंबट फळ?"

"हे तं पोलीसवाल्याचं काम झालं!"

"चिंचोके," मंजुश्री म्हणाली. "भाजलेले चिंचोके."

ओसरीवर जो कल्लोळ झाला तो वेशीपर्यंत गेला असेल. चिंचोके वाटले गेले, दातांनी कटाकटा फुटले. घरच्याच सुनेनं डबा उघडावा! चंद्राला दुधाचा नैवेद्य दाखवतानासुद्धा जनकाबाईचं तोंड वाकडंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत. घरात नेट फक्त माडीवर नीट चालायचं म्हणून मंजुश्रीनं आपली खुर्ची सुचिताला दिली आणि आपलं काम घेऊन ती राजकुमारच्या दुकानात जाऊन बसली. जाताना सासूला म्हणाली, "आत्याबाई, घरात आवाज नको. वर कोणी जाऊ द्यायचं नाही."

"मी काय लहान हावो?" जनकाबाई म्हणाली. आणि ती गेल्याबरोबर तांदूळ निवडायचं सूप घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर, दाराच्या आड जाऊन बसली.

मुलाखत घेणारी मॅडम पुण्याची होती, अर्धी इंग्रजी अर्धी मराठी बोलायची. पहिला प्रश्न आला आणि सुचिता सुटली, गचका नाही काही नाही. दुसराही तसाच. जनकाबाईनं सुपातला खडा उचलून विजयानं खाली टाकला. मग मॅडम थांबल्या आणि साध्या मराठीत म्हणाल्या, "बरं, हे पुस्तकातलं राहू दे. आमच्या ॲपवर शेतमालाचा रोजचा भाव येतो. एका दुकानदाराचा फोन आला, मला रोज कालचाच भाव दिसतो. तुम्ही काय कराल?"

सुचितानं घोकलेल्यातलंच काहीतरी इंग्रजीत सुरू केलं. मॅडमनी मधेच थांबवलं. "ते नको. या दुकानदाराचं सांगा."

जनकाबाईचे हात सुपातच राहिले. थप्पीत हा दुकानदार नव्हता. शेंगा सोलता सोलता तिनं सगळी थप्पी ऐकली होती, कळली नसली तरी भावाचं काही त्यात आलं नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोहे, बशी, पाहुणे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. उठावं, आत जावं आणि त्या मॅडमला सांगावं, बाई, पोरगी चांगली हाय, थोडी बुजते, असंही तिच्या मनात आलं. एक पाय तिनं खालच्या पायरीवरून उचललासुद्धा.

"मॅडम," आतून आवाज आला, "याचं उत्तर मला येत नाही."

गेलं, जनकाबाई मनात म्हणाली. सारं गेलं.

"पण मी तुम्हाला विचारू का?"

"विचारा ना."

"सगळ्यांनाच कालचा भाव दिसतो का एकट्या त्यांनाच?"

"एकट्यालाच."

"त्यांनी दुसऱ्याच्या फोनवर आपलं खातं उघडलं तर?"

"तर आजचा दिसतो."

"म्हणजे खातं बरोबर हाय." सुचिताची शुद्ध मराठी सुटून घरची बोली आली आणि तिचं तिला कळलंही नाही. "मंग गडबड त्यायच्या फोनातच हाय. ॲप काढून पुन्हा टाकलं तरी कालचाच?"

"तरी कालचाच."

ही तर कालची चाल, जनकाबाईच्या लक्षात आलं. तळलंय का, भाजलंय का. ती पुढं सरकली. सुपातले तांदूळ पायरीवर सांडले ते तिनं पाहिलं नाही. फोनात काय असतं बाप्पा? नंबर असतात, फोटो असतात, घड्याळ असतं…

"मॅडम, त्यायच्या फोनवर आज तारीख कोणती हाय?"

तिकडून हसण्याचा आवाज आला. "का विचारता?"

"फोनच एक दिवस मागं असन तं तो बिचारा रोज कालचाच भाव मागन ना."

"कालचीच तारीख आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी हातानं लावून ठेवली होती. आमच्या दोन माणसांनी या दुकानदारावर अख्खा दिवस घालवला होता, सुचिता."

संध्याकाळी कंपनीचा फोन आला. दिवाळीनंतर पुण्याला बोलावलं होतं, आधी शिकाऊ म्हणून, मग पुढचं पाहू. पण बोलावलं होतं. जनकाबाईनं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर ऋत्विकला फोन लावला.

"काय बे, हीच उत्तरं देऊन लागली का तुले नोकरी?"

"नाई ना आजी," तिकडून ऋत्विक म्हणाला. "मी तं अजून क्लासच करून राह्यलो."

बहिणीचा हिशोब दिवाळीला घेऊ, असं ठरवून तिनं फोन ठेवला.

दिवेलागणीला पुंजाजी आणि आशाबाई जिलेबी घेऊन आले. ओसरीवर राजकुमार होता, मंजुश्री होती, येणारीजाणारी दोन-चार माणसं थांबली होती. पुंजाजी हात जोडून म्हणाला, "जनकाबाई, तुमच्या घराचे लय उपकार झाले."

"होईन का नाई!" आशाबाई म्हणाली. "सुचितानं सारं सांगितलं मले. तुम्ही रोज परसात बसून उत्तरं पाठ करून घेतली म्हणून."

मंजुश्रीनं जिलेबीचा घास हातातच धरला. "कोणती उत्तरं?"

सगळ्यांनी जनकाबाईकडे पाहिलं. सुचितानं जीभ चावली. राजकुमार चपला शोधायला लागला. पण पकडलं जाऊन मान खाली घालणारी बाई ती नव्हेच. तिनं पदर खोचला, ओसरीच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि सुनेकडे पाहत खणखणीत आवाजात म्हणाली,

"हाव, घेतली पाठ करून. लेकरू घाबरलं होतं, मी काय पाहात बसू? ते उत्तरं काई कामाले आले नाई, हे मी दाराआडून माह्या कानानं ऐकलं. तुहे प्रश्न कामाले आले, हेही ऐकलं. तू शिकवतेस ते बरोबर हाय, मंजुश्री, चार माणसात सांगतो. पण तुही रीत वाईट हाय! दारात आलेल्याले उभ्या उभ्या कोणी प्रश्न घालते काय? आधी बसव. पाणी दे. चहा ठेव. कोणाचा कोण ते पूस. अन् मंग घाल तुहे प्रश्न, रडेस्तोवर घाल, मी मधात पडणार नाई. या घरातून कोणी उत्तर न घेता गेलं तं चालन मले. चहा न घेता गेलं, तं तुहा तो इंग्लंडचा दवाखाना मी बंद पाडीन!"